ट्रोम्सो, डिसेंबर

सूर्य आता जानेवारीतच उगवेल.
दुपारी दोनला मी दिवा लावते,
तीन कप कॉफी ओतते.

ओडवार म्हणतो, बोट माझी.
सिग्रून म्हणते, घे. मला कधी हवी होती?
मग बराच वेळ फक्त हीटरची घरघर.

कोण चुकलं, ते या टेबलावर लिहीत नाही आम्ही.
लिहितो ते असं :
तूवाचे स्की कुणाकडे राहणार,
दात पडला तर फोन कुणी करायचा,
ईस्टर.

कोट घालता घालता तो थांबतो :
"अंधारात झोपत नाही गं ती.
तुझ्याकडचा तो कंदील..."

कोर्टात हे वाक्य
वकिलाने मध्येच तोडलं असतं.

"तसाच आणखी एक आणते," ती म्हणते,
त्याच्याकडे न बघता.

मी पेनाचं टोपण पुन्हा काढते.
कंदील, दोन.