बरक्याची सहल

शाळेची चिठ्ठी फ्रिजवर, उंटाच्या चुंबकाखाली:
केजीची मुलं गुरुवारी बरक्याला, शेत पाहायला.
डबा सुटसुटीत हवा, मुलांना आपल्या हातानं खाता येईल असा.
काच नको. चिप्स नकोत.
आणि ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून:
शेंगदाणे नकोत. कोणत्याही रूपात.

"बाबा, बारका म्हणजे लहान ना?
मग तिथलं शेत पण लहान?"
मी म्हणालो, बघून ये आणि मला सांग.

शर्वाणीची रात्रपाळी.
रुवीतल्या या दीड माणसाच्या स्वयंपाकघरात
पहाटे साडेचारला मी,
आणि माझा उजवा हात, जो न विचारताच
कुटाच्या बरणीकडे निघालेला.
त्याचा तरी काय दोष.
काकडीत कूट, भेंडीत कूट, साबुदाण्यात तर कूटच कूट;
आमच्याकडे रुसलेल्या माणसालाही
चमचाभर कूट घालून सारखं करतात.

बरणी उचलली,
वरच्या फळीवर मिक्सरच्या खोक्यामागे सारली.
हात धुतले साबणानं, दोनदा. पोळपाटही घासला.
कारण शाल्मली म्हणाली होती,
माझिनला दाणा लागला की त्याचा घसा बंद होतो,
आणि आपलाच गळा दोन्ही हातांनी धरून
दाखवलं होतं, कसा.

इचलकरंजीची भाजणी, कस्टमवाल्यानं दोनदा हुंगून सोडलेली.
तिच्यात दुधी किसला, गाजर किसलं
(दुधी आहे हे तिला कळता कामा नये).
थालीपीठ थापलं, मधे बोटानं भोक,
कडेनं तेल, वर झाकण.
निवल्यावर स्टीलच्या वाटीनं
पाडले चार चंद्र,
तिच्या तळव्याएवढे.
काकडीच्या फोडी कोरड्या; मीठ वेगळं, चिमूटभर, पुडीत,
नाहीतर दुपारपर्यंत डब्यात तळं होतं.
पाच फर्द खजूर. चिरून बिया काढल्या,
पोटात ओलं खोबरं भरलं.
आणि रात्रीच गोठवलेली लबनची पिशवी:
सकाळी बर्फ, दुपारी ताक.
ही युक्ती शर्वाणीची. चिठ्ठीवर लिहून गेली होती,
खाली स्वतःचं नाव घालून, जणू मी ओळखणार नाही.

साडेसहाला बस.
खिडकीतून आधी डबा हलला, मग हात.

दुपारी घाल्याच्या साइटवर
मी माझा डबा उघडला.
त्यात कडा होत्या.
चंद्र काढून घेतलेल्या थालीपिठांच्या
नुसत्या कडा, गोल खिडक्यांच्या चौकटी.
एक उचलून डोळ्यापुढे धरली:
पलीकडे क्रेन, पांढरं आभाळ,
आणि सुपरवायझर इस्माईलभाई विचारतायत,
"काय पाहताय, नकाशा?"
मी खाऊन टाकला नकाशा.

संध्याकाळी डबा परत आला, वाळूसकट.
लबन संपलेलं. काकडी एक उरलेली, मिठाची पुडी न उघडलेली.
आणि तळाशी
खजुराच्या तीन बिया.

मी परत मोजल्या.
बिया तर मी काढून दिल्या होत्या.

"त्या माझिनच्या.
त्याच्या आजीनं खूप दिले होते, मी तीन खाल्ले.
त्यानं आपलं थालीपीठ खाल्लं. आधी मिसला विचारलं,
मिसनं मला विचारलं,
मी म्हटलं, बाबानं हात धुतले होते.
तो म्हणाला, याला भोक का आहे?
मी म्हटलं, तेल प्यायला."

आणि शेत?
"शेत मोठ्ठं होतं. गाय पण होती.
आम्हीच बारके होतो."

ती सोफ्यावरच झोपली, एका पायात मोजा.
आत शर्वाणी रात्रीच्या ड्यूटीचा डबा भरत होती.
"अरे, कूट कुठंय?"
वर, म्हणालो. खोक्यामागे.
तिनं टाचा उंचावल्या, हात पुरवून पाहिला,
मग काय वाटलं कोण जाणे,
कोशिंबीर तशीच भरली.