आठवं रीळ

पिक्चरचं नाव आता कुणालाच आठवत नाही.
पोस्टरवर एक निळा माणूस होता, काचेच्या पेटीत,
अन् एक इन्स्पेक्टर, पेटीवर पिस्तूल रोखून,
जणू गोठलेला माणूस पळून जाणार होता.

शूटिंग परभणीतच झालं,
स्टेशनमागच्या बर्फाच्या कारखान्यात, मे महिन्यात.
बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं.
आत नटानं लादीवर पाठ टेकली, ओरडत उठला
अन् रात्रीच्या गाडीनं हैदराबादला निघून गेला.
डायरेक्टरनं इकडंतिकडं बघितलं.
केरबा साळवे आकडा घालून लादी ओढत होता.
'तू झोप,' म्हणाला, 'रोज तीस रुपये.'
केरबानं विचारलं, 'निस्तं झोपायचं?'

गोष्ट अशी, की खून झालाय
अन् केरबानं तो बघितलाय.
जर्मनीहून शिकून आलेला डॉक्टर त्याला मारत नाही,
गोठवतो.
'चाळीस वर्षांनी उठवीन,' म्हणतो,
'तोवर ना खटला राहील, ना जज्ज, ना फाईल.'
पण 'मी जर्मनीत शिकलो' एवढं वाक्य आलं, की
थर्ड क्लासपासून बाल्कनीपर्यंत एकच आरोळी:
जगात जर्मनी, भारतात परभणी!
पुढची चार वाक्यं कधी कुणाला ऐकूच गेली नाहीत.
सगळा पुरावा म्हणे त्यातच होता.

मी तेव्हा गुलशन टॉकीजला ऑपरेटर.
कार्बनच्या कांड्या, भिंतीला वीतभर भोक, अंगात घामट बनियन.
पाचव्या रिळात, डॉक्टर झाकण लावायच्या आधी,
केरबाच्या नाकातून वाफ निघते.
बारीक.
बिडीच्या शेवटच्या झुरक्याएवढी.
श्वास धर, श्वास धर, असं चौदा वेळा सांगितलं होतं त्याला.
चौदाव्या वेळी फिल्म संपली, वाफ राहिली.
अकरा दिवस, रोजचे चार खेळ,
मी फक्त तिची वाट बघायचो.
पब्लिकला दिसली नाही. इन्स्पेक्टरलासुद्धा नाही.

आठवं रीळ आलंच नाही.
डिस्ट्रिब्युटर म्हणाला, मनमाडहून निघालंय.
जालन्याचा माणूस म्हणाला, आमच्याकडं उतरलंच नाही.
मालकानं काचेवर शाईनं 'समाप्त' लिहून दिलं,
ते मी सातव्यानंतर लावायचो,
खुर्च्या मोडायचा आवाज आला की दिवे.
केरबा जिन्यात उभा असायचा, अंगावर तेच ओलं धोतर.
'उठिवलं का रं मला?'
'उद्या येतंय रीळ.'
'उठलो की मी खुन्याचं नाव सांगतो.
डायलाग एकच हाय, पर ठिवलाय पाठ करून.'
'कोणाचं नाव?'
'पिक्चरमदी बघ की.'

बाराव्या दिवशी दुसरा पिक्चर लागला.
गुलशनच्या जागी आता मंगल कार्यालय आहे,
कारखाना तसाच, लाद्या मच्छीवाल्यांना जातात.
केरबा गेला ह्या मे महिन्यात.
पोरगा पुण्याहून निघालेला, नगरजवळ अडकलेला,
म्हणून भाड्यानं पेटी आणली, काचेची.
रात्री लाईट गेली, पेटी बंद पडली.
मग दोन लाद्या मागवल्या, रिक्षातून, भुश्यात गुंडाळून.
आणणारं पोरगं म्हणालं, शेठनं पैसे घेऊ नका म्हणलंय.

मी उशाशी बसलो.
दारापर्यंत पाण्याचा ओघळ गेला होता,
एक मांजर त्यात पाय घालून झटकत होतं.
मोबाईलच्या उजेडात बर्फ धुमसत होता,
त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून काहीतरी वर जात होतं,
बारीक.
मी बोटांवर वर्षं मोजली. एकोणचाळीस भरली.
मग कान त्याच्या तोंडापाशी नेला.

'काय बघायलाव, आबा?' नातीनं विचारलं.
'काही नाही,' म्हणालो, 'लादी सरकलीय.'
अन् सरकवली.