खिजगणती

नोव्हेंबर. तार्तूत साडेतीनलाच अंधार.
तिसऱ्या मजल्यावर मी, एक हीटर आणि तो तक्ता:
मानव्य विद्याशाखा, एक्केचाळीस माणसं, सात रकाने,
सोमवारपर्यंत उतरत्या क्रमानं लावायची.
अवघड नाही. नाव टाकायचं,
यंत्र आकडा देतं.
पुढचं नाव.

पहिला लेपमेट्स. दोनशे बारा उल्लेख,
त्यातले एकशे नव्वद एकाच लेखाचे.
जुन्या जनगणनेची बेरीज चुकली होती त्यात,
आणि तेव्हापासून जगभरचे लोक
आपल्या दुसऱ्या परिच्छेदात लिहितात:
लेपमेट्स चुकला होता, पाहा.
पाहा. पाहा. पाहा.
यंत्राला एवढंच कळतं, 'पाहा'.
लेपमेट्स भला माणूस, हसून स्वतःच सांगतो,
चूक करावी तर अशी, पेन्शनपर्यंत पुरणारी.

सदतिसावी हेल्यु कोइव्सार.
तिच्या 'ओ'वर खरं तर एक नागमोडी रेघ असते;
रेघ असली की दक्षिणेच्या बोलीत अर्थ होतो बर्च.
यंत्रानं ती कुठे गाळली,
कुठे त्या जागी प्रश्नचिन्ह बसवलं,
आणि एका बाईच्या दोन बायका झाल्या.
एकीचे दोन उल्लेख, दुसरीचा एक.
तिन्हींतला एक तिनंच केलेला.

फोन केला. म्हटलं, दोघींना जोडायचा अर्ज असतो.
"राहू दे गं," ती म्हणाली,
"बावीस वर्षं एकटीच होते त्या कामात.
तेवढीच सोबत."

काम म्हणजे रडणं.
सरहद्दीकडच्या सेतो बायका मेलेल्या माणसापुढे गातात ते,
ओळींत बांधलेलं: आईसाठी वेगळं, सासूसाठी वेगळं,
दूरच्या मातीत गेलेल्या मुलासाठी वेगळं.
तिनं फितींवर घेतलं, कागदावर उतरवलं,
श्वास तुटला तिथे बारीक खूण केली.
सातशे ऐंशी पानं.
आमच्याच भाषेत, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा गुण.

खोटं कशाला बोलू, मीही वाचलं नव्हतं.
मार्चात आईची मावशी गेली, तेव्हा त्या गावी गेले.
बर्फ अजून ओट्यावर. शवपेटी खोलीत, खिडकीला चादर.
ओक्से नावाची म्हातारी आली,
दुकानाच्या प्लास्टिक पिशवीतून तिनं ते पुस्तक काढलं,
कडा काळ्या पडलेलं, पाठीला चिकटपट्टी.
बोट ठेवून चार ओळी वाचल्या.
मग चष्मा काढला, पुस्तक मिटलं,
आणि पुढचं न बघता गायली.
एका जागी थांबली, श्वास घेतला.
चारशे बाराव्या पानावर तिथेच खूण आहे;
तिथे तिची आई आहे, एकोणीसशे एकोणऐंशीतली.
नंतर सगळ्यांनी वाटाण्याचा रस्सा खाल्ला.
कुणी तळटीप दिली नाही.

हे सगळं त्या सोमवारी
कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, माझ्याही नाही म्हणा.
आठवा रकाना मी काढला नाही.
फक्त ती रेघ परत घातली.
दोन आणि एक, तीन.
कोइव्सार सदतिसावरून छत्तिसावर.

मंगळवारी उर्मास तेदेर खाली आला,
मध्ययुगीन मेणाच्या मोहरांवर हयात घालवलेला,
ओल्या कोटातच उभा राहिला.
"मी छत्तिसावा होतो. माझ्या वर कोण गेलं?"
मी सांगितलं.
बराच वेळ त्यानं टोपी पिळली.
"हेल्यु? मग ठीक. दोनदा वाचलंय मी ते."
"मग उल्लेख का नाही केलात कधी?"
"अगं," तो म्हणाला,
"मोहरांच्या लेखात रडणं कुठे घालू?"