बावीस आटे

नंबर विजेच्या बिलामागे, कुंदाच्या अक्षरात,
शेवटचा आकडा ओल्या हाताने फिसकटलेला :
सात की एक?
एक लावला तर ठाण्याचं पोळीभाजी केंद्र निघालं.
सात लावला तर कुणीतरी म्हणालं,
"बोला. मी पण त्यातलाच."
मी फोन ठेवला.
चार दिवसांनी परत लावला. तोच आवाज, तेच वाक्य,
जणू मधे दिवस गेलेच नव्हते.

कन्नमवार नगर, पालिकेची शाळा, तिसरा मजला,
मंगळवारी साडेसात. फाटक पिठाच्या गिरणीकडचं.
मला पत्ता सांगायची गरजच नव्हती,
त्या शाळेच्या टाकीला पाणी मीच सोडतो.
अठरा वर्षं चावीवाला. कुठल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह
कितव्या आट्याला अडतो, ते सांगतो झोपेतही,
प्यायलेला असतानाही सांगायचो.
तरी फाटकाभोवती तीन फेऱ्या मारल्या.
एका फेरीत चपलेचा अंगठा शिवून घेतला,
जो तुटलाच नव्हता.

चौथी ब. बाकं इतकी बुटकी
की गुडघे हनुवटीला टेकतात.
फळ्यावर सकाळचा सुविचार, अर्धा पुसलेला.
अकरा माणसं. आल्बर्ट, गोदीत क्रेन चालवायचा.
मेहरुन्निसा, मला वाटलं शाळेतली बाई आहे,
वह्या तपासायला थांबली असेल.
एक पोरगा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, उलटं फिरवलेलं.
"नाव सांगा, आडनाव नको," म्हणाले.
हे बरं वाटलं.
आडनावासोबत आपल्याकडे माणूस
फार काही सांगून बसतो.

चहा इंदुमतीबाईंनी ओतला.
शेजारच्याचा कप काठोकाठ, माझा अर्धा.
राग आला. इथेही?
मग बशीचा आवाज ऐकला
आणि तो माझ्याच हातातून येत होता.
बाई पुढच्या कपाकडे वळल्या होत्या.

सहा मंगळवार मी फक्त नाव सांगितलं.
कुंदा विचारायची, काय बोलतात तिथं?
पाळीपाळीनं बोलतात, म्हणायचो. मधे कुणी तोडत नाही.
"आपल्या घरी आणायला पाहिजे हे," ती म्हणाली
आणि भाकरी उलटली.

व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नसतो.
एकदम उघडला तर पाइप फुटतो.
आधी हवा येते, खाकरते, थुंकते,
मग गंजाचं लाल पाणी,
बायका पहिली बादली तशीच मोरीत ओततात.

सातव्या मंगळवारी माझं आधी नुसतं खाकरणं झालं.
मग म्हणालो, एकशे बारा नंबर इमारत.
म्हणालो, दोन वर्षांपूर्वी, पहाटे तीन चाळीस,
मी झाकणाशेजारी आडवा, चावी पोटाशी धरून,
आणि त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मयत.
आंघोळ घालायला पाणी नाही.
दुकान उघडायला लावून
जारचं पाणी आणलं त्यांनी, विकतचं.
म्हातारा प्लंबर होता.
हे मला नंतर कळलं.
साहेबांना मी सांगितलं, व्हॉल्व्ह जाम होता.
रजिस्टरात तसंच आहे अजून.

कुणी पाठीवर हात ठेवला नाही.
कुणी म्हणालं नाही, जाऊ दे, होतं असं.
पंखा एका पात्याला किरकिरत होता.
आल्बर्ट म्हणाला, "थँक्यू. पुढच्या मंगळवारी ये."
पोरानं ओळखपत्र सरळ केलं, का कोण जाणे,
मग पुन्हा उलटं.

त्या पहाटे बावीस आटे मोजले, मोठ्याने.
भटकं कुत्रं ऐकत होतं.
खाली पाणी धावल्याचा आवाज पायांतून येतो,
तो प्यायलेल्याला येत नाही,
हे मला माहीत नव्हतं.
एकशे बारामध्ये दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला.
वर जाऊन सांगायचं आहे त्यांना.
अजून गेलो नाही.
कालच्या मंगळवारीही फाटकाशी
एक फेरी झालीच.

कप पाऊण होता.