पाच देशांची इस्त्री

बालबालाच्या चढावर, पत्र्याच्या छपराखाली
फिलसन पाच देशांची इस्त्री करते.
कोळशाची, जड.
विजेचीही आहे एक, पण वीज येते डोंगरापलीकडून,
शेजारच्या देशातून,
आणि मे महिन्यात वाटेतच दमते.

खाली जिबूतीचं बंदर. बंदराशेजारी तळ,
तळाच्या पलीकडे आणखी एक तळ, वेगळ्या झेंड्याचा.
कुंपणांच्या फटीतून
पासाशिवाय फक्त शेळ्या जातात.

पोरगा वाबेरी, इयत्ता नववी,
पाण्याच्या पिंपावर वही ठेवून बसलाय.
प्रश्न सहावा, गुण दहा:
एखादे राष्ट्र महासत्ता कशामुळे होते? सोदाहरण लिहा.

"लोकसंख्या," तो म्हणतो. "पोलाद. सैन्य. चलन.
आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारा,
सगळ्यांचं बोलणं ज्यांच्यातून जातं त्या."
"मग लिही की."
"पाचच झाले. सर म्हणालेत, सात हवेत."

ती बाही उलटी करते. पाणी शिंपडते.
डोळे मिटून सांगेल कुठला गणवेश कुणाचा.
एकांच्या कापडाला सुरकुतीच पडत नाही,
तरी ते इस्त्रीला पाठवतात, दर आठवड्याला, मोजून.
एकांच्या बनियनवर आतल्या बाजूला
त्यांच्याच वैऱ्याच्या देशाचा छाप.
आणि एकांचे शर्ट वर्षागणिक कमी येतात.
पूर्वी या बंदरावर त्यांचंच राज्य होतं.
वाबेरीचा प्रश्न अजून
त्यांच्याच भाषेत छापलेला आहे.

खिशांत काय काय निघतं.
ती कोकोच्या डब्यात ठेवते, परत देते.
परवा एका चिठ्ठीवर फक्त तीन शब्द होते.
वाबेरीनं शब्दकोश काढून लावले:
दाढ. आई. फोन.
चिठ्ठीचा मालक कपडे न्यायला स्वतः आला,
ओठांवर धड मिशीही नव्हती. चिठ्ठी हातात पडल्यावर
लाजून जीपकडे पळाला.

"हुमदचाचाचं लिहू का?" पोरगा विचारतो.
शेजारचा हुमद बंदरात वाटाड्या आहे.
केवढंही जहाज असो, त्यावर कितीही विमानं असोत,
आत शिरताना त्याला वर घ्यावंच लागतं.
तो म्हणतो, जरा डावीकडे,
आणि अख्खं तरंगतं गाव जरा डावीकडे होतं.
"त्यानं काय होतं? संध्याकाळी घरी येतो तेव्हा
त्याची चप्पल तुटकीच असते की नाही?"

"मग तूच सांग."
फिलसन निखाऱ्यांवर फुंकर घालते.
"रमजानपासून बिल दिलं नाही त्या ठेकेदारानं.
तीन महिने.
मी एक दिवस धुणं थांबवून बघू?
दुसऱ्या दिवशी दारात सारा चढ रांग लावेल,
आम्हाला द्या म्हणून, निम्म्या पैशात.
ज्याला उधारी शोभते, तो मोठा.
हे लिही."
"असं नाही लिहीत, आई. पुस्तकात नाही."
"मग पुस्तकाला विचार."

एवढ्यात वळणावर टँकरचा भोंगा.
ती डबे उचलून धावते, वाबेरी मागोमाग,
सगळी गल्लीच धावते. धक्काबुक्की, शिव्या,
अडीच डबे पाणी.

परत येईतो वास सुटलेला.
इस्त्री तशीच उभी, कापडावर.
फिलसन ती उचलते. खाली तांबूस, टोकदार डाग,
होडीसारखा.

ती डागाकडे पाहत नाही.
आधी शर्ट फिरवते, खांद्यावरचा बिल्ला शोधते.
कुणाचा?
एक क्षण, बिल्ला दिसेपर्यंत,
पाचही देश तिच्या चेहऱ्यावरून जातात,
आणि प्रत्येकाला चेहरा वेगळा होतो.

वाबेरीनं ते पाहिलं.
पिंपाशी बसला, पेन्सिलीला टोक केलं,
पहिले पाच मुद्दे खोडले
आणि लिहायला लागला.