मेख

लाखांदूरला एसटी सोडून
पुढे ऑटोनं सहा किलोमीटर, धानाच्या बांध्यांमधून.
पिशवीत भिंग, टॉर्च, जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा
आणि लवंगतेलाची बाटली.
ऑटोवाल्याला वास आला. दाताचे डॉक्टर का जी?
हो म्हटलं. सोपं पडतं.

दमयंताबाई शहारे, अंगणवाडी सेविका.
पलंगाखालून त्यांनी गोधडी ओढली,
गोधडीत युरियाचं पोतं,
पोत्यात ब्रह्मदेशातून आलेली तलवार.

आजेसासरे इस्तारी, पलटणीत नायक.
सेहेचाळीस साली परतले तेव्हा ट्रंकेत
दोन ब्लँकेटं, एक मग, आणि ही.
कोणी दिली, कशाच्या बदल्यात,
बुढ्यानं कधी सांगितलं नाही.
एवढंच म्हणे: ज्याची होती तो लहान होता.

मी आधी पातं पाहत नाही.
पात्याला कोणीही पुसतं, मिरवतं.
वय असतं मुठीच्या आत,
जिथं पिढ्यान्‌पिढ्या बोट लागत नाही.
तिथला गंज काळा असतो, जुन्या तव्यासारखा,
आणि त्या गंजात कोरलेलं असतं घडवणाऱ्याचं नाव.
गंज खरवडला की नाव जातं.
नाव गेलं की दाम.

बांबूची मेख. हलकेच ठोकली, निघाली.
मूठ सुटली.
आत काळं काहीच नव्हतं.
तांबूस, कोवळा गंज, विटेच्या भुकटीसारखा,
आणि खाली लोखंड गुळगुळीत.

"दसऱ्याले घासत," दमयंताबाई म्हणाल्या,
"चिंच अन् राख. सारी खोलून.
बुढा म्हणे, बाहेरून घासाचं अन् आत गंज ठेवाचा,
मंग ते पूजा कायची?
छप्पन साली नागपूरले जाऊन आले,
तवापासून बंद."

म्हणजे दहा दसरे.
भिंगाखाली दोन रेघा उरल्यात,
एक आडवी, एक अर्ध्यातच खाली वळलेली.
नाव असेल.
ओरखडाही असेल.

मग पातं पाहिलं, टॉर्च तिरपा धरून.
धारेच्या कडेनं पांढुरकी लाट,
चुलबंदवर पुसाच्या पहाटे धुकं लोळतं तशी,
मध्येच खरडून तुटलेली.
बाजारातल्या सायकलवाल्याची धार, मी ओळखतो.
"हे कोणी?"
"मीच. लग्न झालं त्या साली.
सिंदी छाटाले विळा भेटे नाई."

मी आकडा सांगितला.
त्या जरा वेळ पदराचा काठ पाहत राहिल्या.
"अन् नाव रायलं असतं तं?"
खोटं बोलता आलं असतं.
तोही आकडा सांगितला.
दारातून त्यांचा प्रज्वल म्हणाला, बापरे.
आणि बाई हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
"आमच्या बुढ्यानं चिंचेसंगं चाटून टाकले व!"

तेल लावलं. पुसलं.
मूठ परत बसवताना मेख बोटांत राहिली.
जपानी नव्हती.
पण बेतानं निमुळती केलेली, मधासारखी काळपट,
कुठं एक कूस नाही.
"ते बी त्यायनंच केली. पयली तुटली होती.
चुलीवरच्या छपराचा बांबू हाये, धुरानं पिकलेला.
वला बांबू वाळला का सुटते, म्हणे."

तिकडचे कारागीर हेच करतात.
मोडक्या घराच्या छपरातून
शंभर वर्षं धूर प्यालेला बांबू शोधून आणतात,
कारण सगळी तलवार त्या बोटभर तुकड्यावर टिकते.
मेकुगी म्हणतात त्याला.
हे मी पुस्तकातून शिकलो, चाळिशी उलटल्यावर.
इस्तारी नायकांना कोणी सांगितलं असेल?
कोणी नाही. बांबूच्या मुलखातला माणूस,
त्याला काय सांगायचं.

किंवा सांगितलं असेल
कुठल्याशा छावणीत, खुणांनी,
विडी अर्धी अर्धी ओढताना,
आणि ज्यानं सांगितलं
तो लहान होता.

माझ्या कोष्टकात मेखेला रकाना नाही.
मी ती भोकावर धरली,
दमयंताबाईंनी पाटा-वरवंट्यातला वरवंटा दिला.
एका ठोक्यात बसली.