पाचवं कार्ड

याइझू बंदरावर कुप्याचा वास कपड्यांतून जात नाही,
म्हणून कारखान्यात शिरताना आम्ही पांढरे डगले चढवतो,
केस जाळीत, हात पातळ मोज्यांत.
आत वास फक्त शाईचा
आणि नव्या प्लॅस्टिकचा.

अल्बम बुधवारी यायचा होता.
इथे गाणी बुधवारीच येतात, का ते मला कुणी सांगितलं नाही.
तीस हजार डब्या सीलबंद, ट्रकची वाट बघत,
आणि आदल्या गुरुवारी
ओइशी साहेबांनी टोपी काढून सांगितलं,
सगळ्या परत उघडायच्या.

सुझुनारीत पाच मुली. आता चार.
पाचवी, मिओरी, का गेली ते कागदावर नव्हतं.
कागदावर होतं : प्रकृतीच्या कारणास्तव,
आणि खाली शिक्का.
प्रकृती म्हणजे काय ते आम्हा बायकांना विचारा.
माझी धाकटीही अशीच प्रकृतीच्या कारणास्तव
ओसाकाहून परत आली, एका बॅगेनिशी,
आणि सहा महिने झाले, तिच्या खोलीतून
फक्त पंख्याचा आवाज येतो.

तर काम असं :
कटरने प्लॅस्टिक चिरायचं,
जुनी पुस्तिका रद्दीत, नवी आत.
नवीत चौघी जरा सरकून उभ्या, मधे पडद्याची निळी पट्टी,
जिथे तिचा खांदा होता.
मग कार्डं पसरायची,
पाचवं निवडायचं, तांदळातल्या खड्यासारखं,
आणि राखाडी ट्रेमध्ये टाकायचं, उलटं.
उलटं टाका, हे मुद्दाम सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही बोलत होतो.
कुरेबायाशी बाई म्हणाल्या, हिच्या कानाची पाळी बघा,
एकीकडे दुमडलेली, आमच्या नातवासारखी.
त्यानंतर मला कानच दिसायला लागला.
हजारदा तोच कान.
तिसऱ्या दिवशी कुणी बोलत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत नवख्या रिहोने फोनवर
आधीच बाहेर आलेलं सातवं गाणं लावलं.
दुसरं कडवं मिओरीचं एकटीचं. अकरा सेकंदं.
श्वास घेते तोही ऐकू येतो.
हे नाही काढलं? मी विचारलं.
तबकड्या छापून झाल्यात, रिहो म्हणाली,
परत गायचं तर तेवढे दिवस नाहीत,
तेवढे पैसेही नाहीत.
म्हणजे चेहरा काढणं स्वस्त पडतं.
मी भाताचा घास हातात धरून तशीच बसले.

रविवारी रात्री मोजणी.
ओइशी साहेबांनी कार्डं यंत्रातून दोनदा फिरवली,
शेवटचा गठ्ठा हाताने,
मग चष्मा पुसला.
तीन कमी.
मी माझ्या बुटांकडे पाहिलं.
तीन?
मी तर एकच ठेवलं होतं.

साहेब बराच वेळ खिडकीतून बोटींचे दिवे बघत राहिले,
मग रकान्यात लिहिलं तीस हजार, शिक्का मारला,
म्हणाले, यंत्रं जुनी झालीत.

बुधवारी स्टेशनाजवळच्या दुकानात
गणवेशातल्या दोन मुली काउंटरवरच डबी फोडत होत्या.
एक मोजत होती. चारच?
चारच.
दुसरी काही न बोलता पुस्तिकेतल्या निळ्या पट्टीवर
अंगठा फिरवत राहिली.
मीही एक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.
अर्ध्या वाटेवर आठवलं,
घरी तबकडी वाजवायला काहीच नाही.

तरी धाकटीच्या दाराशी ठेवला, जेवणाच्या ताटाशेजारी,
आणि भांडी घासायला लागले.
पाठीमागून आवाज आला, घोगरा, न वापरलेला :
बाबांच्या ट्रकमध्ये वाजतं.

ट्रकमध्ये जाळ्या होत्या, कुप्याचा वास होता.
ती चपला न घालताच आली.
मी बटण सातवर नेलं.
अकरा सेकंदं,
काचेवर आमच्या दोघींची वाफ.

परत लाव, ती म्हणाली.